आईच्या विरजणाचा तपास

राजूर, ता. भोकरदन
२१ जून १९७४

तीर्थस्वरूप गोजराअक्कांच्या पायाशी धाकट्या अप्पारावाचा साष्टांग नमस्कार, आणि दाजींनाही तसाच. फक्त त्यांनी वाकून आशीर्वाद देऊ नये, गुडघा धरेल.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द पत्रात लिहावाच लागतो, खरी हकीकत पुढे येईल.) दाजी ते तेल लावतात का, का बाटली अजून देवळीतच आहे? तुझी म्हैस व्याली असं जालन्याच्या मोंढ्यात एकानं सांगितलं, पण रेडी झाली का रेडा ते त्याला सांगता येईना. बाजारात भेटणाऱ्या माणसांचं हे असंच, बातमी अर्धी आणतात आणि चहा पुरा पितात. म्हणूनच हे पत्र लिहून राह्यलो. येत्या बाजाराला आपल्या गावचे दोघं-तिघं मंठ्याला बैल बघायला निघालेत. तू त्यांना ओसरीवर बसवशील, पाणी विचारशील, आणि ते तुला माझ्याबद्दल आणि आईच्या दह्याबद्दल काहीतरी सांगतील. ते त्यांच्याकडून अर्धं कळण्यापेक्षा माझ्याकडून सगळं कळावं. एकच विनंती आहे अक्का, पत्र मधूनच फेकू नको. रागवायचं असेल तर माझ्या सहीच्या खाली रागव.

आईच्या तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर तू दह्याचं गाडगं स्वतः उचलून गिरिजाच्या हातात दिलं होतंस आणि म्हणाली होतीस, "हे आईचं हाय. ह्याच्यात दुसऱ्या घरचं विरजण पडलं ना, तर मी ह्या घरचं पाणी पिणार न्हाई." गिरिजा तेव्हापासून त्या गाडग्याला माझ्यापेक्षा जास्त भिते. आणि खरं सांगतो, मलाही त्या गाडग्यात आईच दिसायची. ते पहाटेचं घुसळणं, रवीच्या दोरीचा तो एकसुरी आवाज, त्यावर मी पुन्हा झोपी जायचो. उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्या आणि ताक, वर चिमूटभर मीठ. आणि तू साय चोरलीस की माझं नाव सांगायचीस. (आता तुझी पन्नाशी आली, कबूल करायला हरकत नाही.) पुढे जालन्याला स्टेशनाजवळ दुसऱ्याच्या हॉटेलात कपबशा विसळायला राहिलो, तेव्हा भूक लागली की मला पंचपक्वान्न आठवायचं नाही, ते कण्याताक आठवायचं. इथं राजूरला गणपतीपाशी स्वतःचं हॉटेल टाकलं तेव्हा ठरवलं, आपल्याकडे भाकरीसोबत ताटात दही वाढायचं आणि ते आईच्याच विरजणाचं. गणपतीला येणारे लोक आधी मंदिरात जातात आणि मग माझ्याकडे. काही उलटही करतात, त्यांची नावं मी देवाला सांगत नाही.

तर झालं असं. चैत्रातल्या चतुर्थीला यात्रेत माणूस मावेना, विहिरींचं पाणी तळाला गेलेलं, आणि तिसऱ्या दिवशी गावात हगवण सुरू झाली. सुदैवानं कुणी दगावलं नाही, पण घरटी एक तरी माणूस लोटा घेऊन पळत होतं. आठ दिवसांनी औरंगाबादहून जीपमधून डॉक्टर लोक आले. त्यांना औषध द्यायचं होतंच, पण त्याहून जास्त हे शोधायचं होतं, की एकाच विहिरीचं पाणी पिऊन हा माणूस आडवा का होतो आणि तो का होत नाही. त्यासाठी त्यांनी घरोघर रुंद तोंडाच्या छोट्या बाटल्या वाटल्या, त्यावर नंबर, सोबत लाकडाची काडी. बाटलीत काय भरायचं ते डॉक्टरांनी चावडीवर शुद्ध पुस्तकी मराठीत सांगितलं, त्यामुळे निम्म्या लोकांना कळलं नाही आणि ज्यांना कळलं त्यांचा विश्वास बसला नाही. सर्जेराव पाटलांना बाटली सत्तावीस नंबरची आली म्हणून ते रुसले. गावात पहिला मान त्यांचा, पोळ्याला पहिला बैल त्यांचा, आणि इथं सत्तावीस? शेवटी डॉक्टरांनी कागद बदलून त्यांना एक नंबर दिला, तेव्हा ते तयार झाले. पण खरी गंमत बायकांनी केली. दुसऱ्याचं भांडं आपल्याकडे आलं तर ते रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ज्यांना लाज वाटली त्यांनी नमुना दिला नाही, पण भांडं रिकामं कसं द्यायचं? अकरा बाटल्यांत साखर निघाली, चारांत ज्वारी, एकीत लिंबाचं लोणचं. डॉक्टरांनी टेबलावर बाटल्या मांडल्या आणि साखरेच्या वेगळ्या, ज्वारीच्या वेगळ्या केल्या.

ही मंडळी दोन वेळ माझ्याकडे जेवायची. तुला ठाऊक आहे माझे कान कसे आहेत. भजी तळताना कोपऱ्यातल्या बाकावर सोयरीक मोडून राहिली तर मला कळतं. त्यामुळे आतड्यांचं सगळं शास्त्र मी उभ्या उभ्या शिकलो. यातले जे मुख्य, चष्म्याचे डॉक्टर, ते सांगायचे की माणसाच्या आतड्यात कोट्यवधी बारीक जीव राहतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि त्यातले बहुतेक आपल्या भल्याचे असतात. मला आधी किळस आली. मग विचार केला, हे तर माझं हॉटेलच झालं. बाकावर रोजची शहाणी गिऱ्हाइकं ठाण मांडून बसलेली असली की दंगा करणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही, तो दारातूनच परत जातो. बाक रिकामे दिसले की तोच आत येतो, काचा फोडतो, आतड्याला सूज आणतो. मी डॉक्टरांना हे बोलून दाखवलं, तर त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, अप्पाराव, तुम्ही आमच्या कॉलेजात यायला पाहिजे होतं. मी म्हणालो, आलो असतो, पण कपबशा कुणी विसळल्या असत्या?

त्यांच्या यादीत एक गोष्ट दिसून आली. जे लोक माझ्याकडे रोज दही खातात ते बहुतेक उभे होते. आणि दुसरी म्हणजे भीमनगरातली चार-पाच घरं, विहीर तीच, पण तिथं हगवण जवळजवळ नाही. त्या घरांना दही कुठून येतं, तर मालनबाईकडून. (मालनबाई म्हणजे भोकरदनला मास्तर आहे त्याची आई, शेळ्या आणि एक म्हैस आहे तिची.) डॉक्टरांनी दोन्हीकडचं वाटीवाटी दही औरंगाबादला नेलं. ते जीपमध्ये वाट्या ठेवत होते आणि अक्का, माझ्या पोटात, सगळी चांगली गिऱ्हाइकं उठून चालली होती.

कारण सांगतो. आता सांगायलाच बसलोय. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, म्हैस छावणीत गेली आणि तिथंच मेली. दूध नाही, दही नाही; एका उन्हाळ्यात आईचं विरजण आमच्या घरातून गेलं. गिरिजा ते कोरडं गाडगं मांडीवर घेऊन रडत बसली होती, आणि तिला आईपेक्षा तुझी जास्त आठवण होत होती. पुढे पाऊस पडला, नवी म्हैस आणली, पण गावातल्या सगळ्या घरांची हीच गत. कुणी लिंबू पिळून दही लावतं, कुणी मिरचीचे देठ टाकून, आणि ते दही म्हणजे नुसता आंबट चोथा. दुष्काळात मी सडकेच्या कामावर चहा पुरवायचो. तिथं माती टाकताना मालनबाई शेजारणीला सांगत होती की शेळीच्या दुधावर का होईना, आमचं दही अजून चालूच हाय. वीस हातांवरून ऐकलं मी ते. आता अडचण बघ: दिवे लागल्यावर कुणी घरातलं विरजण बाहेर देत नाही, आणि उजेडात मी त्या वाटेनं जाणार नव्हतो. मधली पाच मिनिटं तेवढी उरतात. त्या पाच मिनिटांत, टॉवेलाखाली तांब्या झाकून, मी मालनबाईच्या मागच्या दाराला गेल्तो. तिनं काही विचारलं नाही. विरजण घातलं आणि हसली. मला वाटलं, माझी लपवाछपवी बघून हसली.

पुढचं तुला माहीत आहे. गेल्या दिवाळीला तू आलीस, बोट दह्यात बुडवून चाखलंस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "आईच्याच हातचं. बिलकुल तेच." गिरिजानं माझ्याकडे बघितलं, मी चुलीकडे बघितलं.

महिन्यानं डॉक्टर परत आले. आले त्या दुपारी कोपऱ्यात बसून आपसात बोलत होते, आणि मी भाकरी थापताना ऐकलं, की दोन्ही दह्यांतले जीव सख्खे दिसतात, उद्या गावाला सांगू या. मी परात तशीच टाकली आणि ह्यावेळी भर उन्हात मालनबाईकडे गेलो. म्हणालो, बाई, उद्या डॉक्टर विचारतील. तुम्ही म्हणा, आम्हीच अप्पारावकडून आणलं. ती शेंगा फोडत बसलेली. वर न बघता म्हणाली, "तुमच्या माईनं बी हेच सांगितल्तं. माझ्या सासूला. कुणाला बोलू नको म्हनून." मला काही उमगेना. मग तिनं मला बसायला पाट दिला आणि जे सांगितलं ते मी तसंच लिहितो.

मी सात-आठ महिन्यांचा असताना मला हगवण लागली होती. निजामाचा काळ, जालन्याचा वैद्य बघून गेला आणि आईला म्हणाला, दुसरं होईल. अंगावरचं दूध ठरेना, पाणी ठरेना. मालनबाईची सासू सोनूबाई आपल्या मागच्या भिंतीपलीकडून लाकडं घेऊन जायची. (त्या वस्तीला तेव्हा जे नाव होतं ते मी लिहीत नाही.) तिनं माझं रडणं ऐकलं, रडणं कसलं, कण्हणं. भिंतीवर तिनं ताकाची वाटी ठेवली आणि म्हणाली, बोटानं चाटव, वैनी. आईनं चाटवलं. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत, वीस-बावीस दिवस. आणि मी जगलो, गाल धरले. मग आईनं सोनूबाईकडून विरजणच मागून घेतलं, आणि तेव्हापासून ते आपलं झालं, घराण्याचं झालं, देवाच्या पंचामृताचं झालं. "विरजण न्यायला तुमच्या घरचे समदे इकडं आले," मालनबाई म्हणाली. "आणून देणारं कुणी दिसलं न्हाई." हे ती रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती शेंगदाणे पुढं करत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात चष्म्याच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की अप्पारावांचं दही आणि मालनबाईंचं दही एकाच मुळाचं असावं असं वाटतं, अजून तपास बाकी आहे, पण बहुतेक तसंच. सर्जेराव पाटलांच्या हातात दह्याची वाटी, दुसरी, पहिली संपली होती. ते म्हणाले, "मंग मालननं अप्पारावकडून नेलं आसंल. त्यात काय एवढं." आणि माझ्याकडे बघून डोळ्यानं खुणावलं, बोल, हो म्हण. दार उघडून दिलं होतं त्यांनी मला. अक्का, एक चहा गाळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात सगळं डोळ्यांपुढून गेलं. हॉटेल दिसलं, बाक दिसले, तू दिसलीस, तुझं ते पाणी न पिणं दिसलं. मग मी म्हणालो, न्हाई पाटील, मीच तिच्याकडून आणलं. आणि त्याच्या आधी माझ्या आईनं आणलं. आणि ते आणलं म्हणून मी हाय. पाटलांनी वाटीत बघितलं, दारात बघितलं. वाटीत दोन घास उरले होते. ते त्यांनी संपवले (पाटील माणूस, ताटात टाकत नाही), हात धुतला आणि गेले.

नंतर चार दिवस निम्मे बाक रिकामे. काही जणांनी नमस्कार घेणं सोडलं. पाचव्या दिवशी दुपारी, कुणी नसताना, पाटील आले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "पोट जरा बिघडलंय. ताक असंल तर दे." आणि ताक नव्हतं, अक्का. ते का नव्हतं ते मी खाली लिहितो, कारण इथं लिहिलं तर पत्राचा सूर बिघडेल.

तर हकीकत एवढीच. मी तुझ्याशी वर्षभर खोटं वागलो, त्याची माफी मागतो. तू आमच्या घरचं पाणी पिणार नसशील तर मी विहिरीशी वाद घालणार नाही, पण मनाला लागेल. बाकी क्षेम. मिरग बरा झाला, पेरण्या चालू आहेत. दाजींना सांग, गुडघ्याला तेल बाहेरून लावायचं असतं.

तुझा धाकटा
अप्पा

ता. क. ताक का नव्हतं ते. मी भर हॉटेलात बोललो ते गिरिजाच्या कानावर गेलं, आणि तिला तुझी आठवण झाली. मी घरी पोचेपर्यंत तिनं दही उकिरड्यावर ओतून गाडगं राखेनं घासून, गोमूत्र शिंपडून, उन्हात पालथं घातलं होतं. आता तिला पश्चात्ताप झालाय आणि मला बोलायची सोय राहिली नाही. म्हटलं, मालनबाईकडे जाऊ. तर तिथं डॉक्टर जाऊन आलेले. आनंदाच्या भरात त्यांनी पुढच्या तपासासाठी सगळं मडकंच बर्फाच्या पेटीत घालून नेलं. इतके शिकलेले लोक, आतड्यातला जीव न् जीव मोजतात, पण विरजणाच्या भांड्यात चमचाभर मागं ठेवायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नाही. आणि मालनबाई तेव्हा घरी नव्हती, शेळ्यांमागं गेल्ती; तिच्याकडून नेणारी घरं दही खाऊन मोकळी होतात, विरजण लावत नाहीत. पेटीतला बर्फ जालन्याच्या आधीच वितळला, मडकं नासलं, असं डॉक्टरांचं कार्ड आलंय, फार शरमेनं लिहिलंय. थोडक्यात, सोनूबाईचं ते दही आता जगात एकाच घरात उरलं आहे, आणि ते घर मंठ्याला आहे. तू लग्नात नेलेलं, दुष्काळात जे तुझ्याकडे मागायची माझी छाती झाली नाही. मला चमचाभर पाहिजे. आणि माझ्या आधी मालनबाईला पाहिजे.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, असल्या घरचं निघालं ते मी ठेवीन कशाला, फेकून देईन. फेकणार नाहीस. मालनबाई मला आणखी एक गोष्ट म्हणाली होती, ती मी वर मुद्दाम लिहिली नाही. भिंतीवरची वाटी उचलायला आई कधी आली नाही, तिला सासऱ्यांचं भ्या होतं. आठ-नऊ वर्षांची एक पोर यायची, दिवे लागायच्या आधीच्या त्या पाच मिनिटांत, आणि वाटी परत ठेवताना त्यात कधी गूळ, कधी चार फुटाणे ठेवायची. म्हणजे तुला चाळीस वर्षांपासून माहीत असलेली बातमी मी तुलाच सात पानं खर्चून जपून जपून सांगितली. तेराव्याला 'दुसऱ्या घरचं विरजण' म्हणताना तुझ्या तोंडाची एक रेघ हलली नव्हती. मी हॉटेलवाला आहे, रोज शंभर माणसांची तोंडं वाचतो, पण तुझ्यापुढे हात टेकले.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तेव्हा सोनूबाईच्या घरात नवी आलेली सून होती, दहा वर्षांची. तीच मालनबाई. भिंतीच्या अलीकडून तू आणि पलीकडून ती, तुम्ही दोघी गजगे खेळायच्या म्हणे, वर फेकलेला खडा भिंतीपलीकडे गेला की दुसरीचा डाव. हे तिनं सांगितलं आणि मग शेंगा बाजूला सारून मला विचारलं, "गोजर येती का कधी?" बाई नाही, अक्का नाही, वैनी नाही. नुसतं गोजर. आई गेल्यापासून तुला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आता तिच्याशिवाय म्हणणारं कुणी उरलं असेल असंही वाटत नाही. मी गुरुवारी डबा घेऊन मंठ्याला येतोय. येताना नुसता डबा आणायचा का तुलाही, ते तू ठरव. पण शुक्रवार सकाळच्या गाडीची मी दोन तिकिटं काढणार आहे, आणि इथं उतरल्यावर आपण मालनबाईकडे पुढच्या वाटेनं जाणार आहोत, दिवसाढवळ्या.